काचेवरची अबोली: स्कॅनरने निसर्गचित्रे करणाऱ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कागदपत्रे स्कॅन करायच्या सपाट स्कॅनरवर फुले, पाने, शिंपले, बिया ठेवून चित्रे करता येतात आणि ती उत्तम होतात. मात्र यंत्र कागदासाठी बनलेले असते, त्यामुळे काही गोष्टी आधी समजून घ्याव्या लागतात. गोव्यातली दमट हवा, चिऱ्याची लाल धूळ आणि आपल्या परसातली झाडे डोळ्यांपुढे ठेवून ही उत्तरे लिहिली आहेत.

हातात चांगला मोबाईल असताना स्कॅनर कशाला?

तपशिलासाठी आणि प्रकाशासाठी. १० सेंटिमीटर रुंदीचे जास्वंदीचे फूल १२०० डीपीआयवर (डीपीआय म्हणजे एका इंचात टिपले जाणारे ठिपके) स्कॅन केले, तर त्याच्या रुंदीतच ४७०० हून अधिक पिक्सेल मिळतात. ते ३०० डीपीआयने छापले की ४० सेंटिमीटरचे फूल होते आणि पुंकेसरावरचा परागाचा कण अन् कण मोजता येतो. शिवाय दिवा आणि डोळा एकाच गाड्यावर बसून एकत्र सरकतात, म्हणून काचेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत प्रकाश सारखा पडतो. काचेला टेकलेला भाग लख्ख दिसतो, वर गेलेला भाग हळूहळू मऊ होत अंधारात विरतो. या चित्रांचे खरे सौंदर्य या विरण्यात आहे, आणि ते कॅमेऱ्याने मिळवायला बरीच खटपट करावी लागते.

उणी बाजूही आहे. स्कॅनरला बोटभर खोलीच तेवढी दिसते. पुढचे जवळजवळ प्रत्येक उत्तर या एका गोष्टीभोवती फिरते.

कोणता स्कॅनर घ्यावा?

पेटीवरचे डीपीआयचे आकडे नंतर बघा. आधी आत सीसीडी आहे की सीआयएस, ते विचारा. चित्र टिपणाऱ्या संवेदकाच्या या दोन जाती.

सीसीडी स्कॅनरमध्ये आरसे आणि भिंग असते. काचेपासून साधारण एक-दीड सेंटिमीटर वरपर्यंतचा भाग त्याला कामापुरता स्पष्ट दिसतो. सीआयएसमध्ये संवेदक थेट काचेखालून सरकतो, त्यामुळे एक-दोन मिलिमीटरच्या वर सगळे धूसर होते. फुलांसाठी सीसीडीच हवा. एप्सन परफेक्शन व्ही६०० हा सीसीडी आहे. कॅननचे लाइड ३०० आणि लाइड ४००, तसेच एप्सनचा व्ही३९ हे सीआयएस आहेत. प्रिंटरला जोडून येणारे बहुतेक स्कॅनरही सीआयएसच असतात.

माहितीपत्रक हाताशी नसेल तर अंगावरून ओळखा. पुस्तकाएवढा पातळ आणि फक्त यूएसबीच्या तारेवर चालणारा असेल तर बहुधा सीआयएस, जाडजूड आणि वेगळा अडॅप्टर लागणारा असेल तर बहुधा सीसीडी. खात्री मात्र पट्टीने करावी. शाळेतली १५ सेंटिमीटरची पट्टी घ्या, आकडे खाली करून शून्याचे टोक काचेवर टेकवा आणि १५ च्या टोकाखाली ३ सेंटिमीटरचा ठोकळा सरकवा. आता पट्टीवर दर ५ सेंटिमीटरला उंची १ सेंटिमीटरने वाढते. ६०० डीपीआयवर स्कॅन करा आणि मिलिमीटरच्या रेषा एकमेकींत कुठे मिसळू लागतात ते पाहा. ५ च्या आकड्यापर्यंत रेषा सुट्या दिसल्या तर तुमच्या यंत्राची खोली १ सेंटिमीटर. हा आकडा स्कॅनरच्या झाकणावर लिहून ठेवा, मांडणी करताना दर वेळी लागतो.

सीआयएस असला म्हणून काही बिघडत नाही. पाने, पाकळ्या, दाबून वाळवलेली रोपे, पिसे, माशांचे खवले अशा चपट्या वस्तूंसाठी तो पुरेसा आहे.

जुना स्कॅनर विकत घेतला तर चालेल का?

चालेल, आणि बहुतेकांना तोच परवडतो. काचेवर काहीही न ठेवता, झाकण बंद करून ३०० डीपीआयवर पूर्ण स्कॅन करून बघा. चित्रात जाळी किंवा धुके दिसले तर काचेच्या आतल्या बाजूला किंवा आरशावर बुरशी आहे. आपल्याकडे चार पावसाळे अडगळीत काढलेल्या यंत्रांत ती हमखास निघते. दिवा जुन्या ट्यूबच्या जातीचा असेल, तर यंत्र तापायला काही मिनिटे द्यावी लागतात, नाहीतर पहिल्या दोन-तीन स्कॅनचे रंग जुळत नाहीत. कंपनीने नव्या संगणकासाठी ड्रायव्हर देणे बंद केले असेल तरी व्ह्यूस्कॅन हे सॉफ्टवेअर अनेक जुनी मॉडेल्स चालवते. लिनक्सवर एक्ससेन आहे.

काचेला ओरखडे पडू नयेत म्हणून काय करावे?

किनाऱ्यावरच्या वाळूत क्वार्ट्‌झ असते आणि ते काचेपेक्षा कठीण. शिंपल्याच्या खाचेत अडकलेला एक कण पुरतो. म्हणून समुद्रावरून आणलेली वस्तू गोड्या पाण्यात दोनदा धुवायची, मऊ ब्रशने खाचा साफ करायच्या आणि पूर्ण वाळल्याशिवाय काचेजवळ न्यायची नाही.

काचेवर पारदर्शक ओएचपी शीट अंथरणे हा सगळ्यांत स्वस्त उपाय. तिच्यावर ओरखडा उठला की बदलायची. तिची अडचण अशी की ती काचेला कुठे चिकटते, कुठे सुटते आणि मधल्या हवेमुळे इंद्रधनुषी वलये उमटतात. शीट किंचित खरखरीत असेल तर वलये कमी होतात. दुसरा उपाय २ मिलिमीटरची साधी काच. फोटोफ्रेमवाल्याकडून स्कॅनरच्या मापाची कापून घ्यावी आणि कडा घासून घ्याव्यात. काच घातली की वस्तू २ मिलिमीटर वर जाते. सीसीडीला ते चालते, सीआयएसवर मात्र चित्रच धूसर होते.

सफाईसाठी मायक्रोफायबरचे कापड आणि आयसोप्रोपिल अल्कोहोल. द्रव कापडावर घ्यायचा, काचेवर कधीच फवारायचा नाही. कडेच्या फटीतून तो आत उतरतो आणि आतल्या बाजूला डाग धरतो, मग यंत्र उघडल्याशिवाय सुटका नाही.

पूर्ण काळी पार्श्वभूमी कशी मिळते?

झाकण उघडे ठेवा आणि खोलीत अंधार करा. स्कॅनरचा प्रकाश काही सेंटिमीटरच्या पुढे क्षीण होतो, परत येण्यासारखे काही उरत नाही आणि तिथे काळे उमटते. पण अंधार म्हणजे खरा अंधार. मॉनिटरचा उजेड छतावरून परतला तरी काळा रंग राखी होतो, आणि ट्यूबलाइट चालू असेल तर तिच्या लुकलुकण्याचे आडवे पट्टे पडतात.

दिवसा काम करायचे असेल तर खोका बनवा. स्कॅनरची काच झाकेल असा, २० सेंटिमीटर उंचीचा पुठ्ठ्याचा खोका घ्या आणि आतून काळे मखमली कापड चिकटवा. काळा कार्डपेपर लावू नका. डोळ्याला तो काळा दिसतो, पण स्कॅनमध्ये गडद राखाडी येतो आणि त्याचे तंतूही दिसतात. खोक्याच्या कडांना काळी पट्टी लावून फटी बुजवा.

आणि पांढरी?

बंद झाकणाने पांढरी मिळते, पण वस्तू चिरडते. त्याऐवजी वस्तूच्या चारही बाजूंना सारख्या उंचीचे ठोकळे ठेवून वर पांढरा फोमबोर्ड टेकवा. बोर्ड ३ सेंटिमीटरवर असेल तर फिकट राखाडी छटा आणि मऊ सावली येते, १ सेंटिमीटरवर असेल तर पांढरे स्वच्छ पण सावली टणक. आमचे मत विचाराल तर ओल्या फुलांना काळी पार्श्वभूमी आणि वाळलेल्या बिया-शेंगांना फिकट. जुन्या हातकागदाचा ताव वर ठेवला तरी सुरेख दिसतो.

मांडणी उलटी करावी लागते. ती जमत कशी नाही?

चित्रात जे सर्वांत पुढे दिसायला हवे ते काचेवर सर्वांत आधी ठेवायचे. फुलांची तोंडे खाली, मग पाने, मग देठ. वरून तुम्हाला पाठ दिसते, आणि डावे-उजवेही उलटलेले असते. म्हणजे वरून बघताना डावीकडे ठेवलेली कळी चित्रात उजवीकडे येते. सुरुवातीला सगळे याच जागी अडखळतात.

उपाय असा: आधी तीच मांडणी टेबलावर सुलटी करून मोबाईलने फोटो काढा, फोटो आडवा उलटवा आणि तो समोर ठेवून काचेवर मांडा. प्रत्येक वस्तू ठेवल्यावर प्रीव्ह्यू घ्या. काचेवर फूल सरकवू नका. सरकवले की परागाचा आणि रसाचा माग उरतो. उचला आणि पुन्हा ठेवा. लांब चिमटा फार उपयोगी पडतो.

दिव्याची बाजूही बघून घ्या. बहुतेक स्कॅनरमध्ये प्रकाश एका बाजूने येतो, म्हणून सावल्या एकाच दिशेला पडतात. खडू उभा ठेवून एक स्कॅन घेतला की दिशा कळते. प्रकाश चित्राच्या वरच्या बाजूने यावा अशी मांडणी केली तर ते डोळ्याला सहज वाटते. खालून आला तर फुलातले खळगे उंचवट्यांसारखे दिसू लागतात.

उंच वस्तू मध्यभागी ठेवा. सीसीडीचे भिंग रुंदीच्या मधून बघत असते, त्यामुळे डाव्या-उजव्या कडेची उंच वस्तू मध्याकडे कललेली दिसते. लांबीच्या दिशेने असा कल येत नाही.

फूल स्वतःच्या वजनाने चपटे होते. काय करावे?

ते टांगा. माडाच्या झावळीचे हीर यासाठी नामी. सरळ, हलके, हवे तिथे तोडता येणारे. खोक्याच्या दोन बाजूंना समोरासमोर भोके पाडा, त्यांतून तीन-चार हीर आडवे घाला आणि देठ काळ्या दोऱ्याने हिराला बांधा. दोरा इतकाच सोडा की पाकळ्यांच्या कडा काचेला जेमतेम लागतील. जास्वंदीच्या बाबतीत पुंकेसरांची दांडी पाकळ्यांच्या बरीच पुढे येते, म्हणून फूल थोडे तिरके टांगून दांडी काचेवर आडवी टेकवावी, नाहीतर टोक तेवढे स्पष्ट आणि पाकळ्या धूसर असे होते.

सोललेला नारळ, निरफणस, मोठा दगड अशा वस्तू काचेवर ठेवू नका. काच वाकली तर खालच्या गाड्याला घासते. जडशी वस्तू हवीच असेल तर तीही टांगून, नुसती टेकवून.

सॉफ्टवेअरमध्ये कोणत्या सेटिंग ठेवाव्यात?

सगळे ‘ऑटो’ बंद. आपोआप एक्स्पोजर, धार वाढवणे, धूळ काढणे, रंग पूर्ववत करणे, पार्श्वप्रकाश सुधारणे, यांतले प्रत्येक साधन कागद किंवा जुना फोटो समोर आहे असे धरून चालते. काळी पार्श्वभूमी दिसली की आपोआप एक्स्पोजर उजेड वाढवते आणि पाकळ्या पांढऱ्याफटक होतात. धूळ काढणारे साधन परागाला धूळ समजते. प्रोफेशनल किंवा ॲडव्हान्स्ड मोडमध्ये जा, रिफ्लेक्टिव्ह आणि फोटो निवडा, ४८ बिट रंग, फाइल टिफ. जेपेग फक्त पाठवण्यासाठी.

स्कॅनच्या आधी काचेच्या सुरुवातीची पट्टी मोकळी आहे ना, ते पाहा. यंत्र दर वेळी आपल्या पांढऱ्या पट्टीवरून स्वतःला जुळवून घेते. देठ किंवा दोरा तिथे लोंबला तर सबंध चित्रात रेष येते.

डीपीआय किती?

छपाईवरून उलटा हिशेब करा. वस्तूच्या मापाला छापायचे असेल तर ३००, दुप्पट हवे तर ६००, चौपट हवे तर १२००. सबंध ए४ काच ६०० डीपीआय आणि २४ बिटवर साधारण १०० एमबीची फाइल देते, ४८ बिटवर दुप्पट. १२०० डीपीआय आणि ४८ बिट धरले तर ८०० एमबीच्या वर जाते. म्हणून आधी प्रीव्ह्यूमध्ये चौकट वस्तूपुरती आवळा.

पेटीवर लिहिलेले ४८०० किंवा ६४०० हे आकडे फुलांच्या कामाला लागत नाहीत. तेवढा खरा तपशील भिंगातून येत नाही, वेळ मात्र अनेक पटींनी जातो आणि तोवर फूल मान टाकते. स्कॅनिंग लांबले की आणखी एक धोका: पाकळी हलली तर हललेल्या कडेला लाल-हिरव्या-निळ्या रेघा दिसतात, कारण तिन्ही रंग अगदी एकाच क्षणी टिपले जात नाहीत. पंखा बंद ठेवा.

लाल जास्वंद नुसता लाल डाग का दिसते?

लाल रंगाची नोंद माथ्याला टेकली, म्हणून. शेंदरी अबोलीचेही तसेच. एकंदर हिस्टोग्राम (उजेडाच्या नोंदींचा आलेख) ठीक दिसतो, पण लाल वाहिनी वेगळी उघडली तर ती उजव्या भिंतीला चिकटलेली असते आणि पाकळीवरच्या शिरा तिथेच हरवलेल्या असतात. नंतर संगणकावर त्या परत येत नाहीत. स्कॅन करतानाच एक्स्पोजर कमी करा, लाल वाहिनीच्या उजवीकडे थोडी जागा राहीपर्यंत. चित्र अंधारलेले वाटेल, वाटू द्या. रंगक्षेत्र एसआरजीबीऐवजी ॲडोबी आरजीबी ठेवा. ४८ बिट असल्यामुळे उजेड नंतर बिनधास्त वाढवता येतो.

गोकर्णाचा निळा कधी जांभळट येतो. ते स्कॅनरच्या दिव्याचे आणि फुलाच्या रंगद्रव्याचे न जुळणे आहे. आयटी८ रंगपट्टी (ठरलेल्या रंगांचा प्रमाण तक्ता) स्कॅन करून त्यावरून रंगदुरुस्तीचे प्रोफाइल बनवले तर फरक पडतो, तरी अशा एखाद्या फुलाला हाताने दुरुस्ती करावीच लागते. त्यासाठी ताजे फूल समोर असतानाच रंग जुळवा, आठवणीवर विसंबू नका.

चित्रावर डाग, रेघा, वलये येतात. कशामुळे?

लांबीच्या दिशेने एका टोकापासून दुसऱ्यापर्यंत जाणारी बारीक सरळ रेघ: जुळणीच्या पट्टीवर किंवा संवेदकावर कचरा. दर स्कॅनला त्याच जागी येणारा ठिपका: काचेवर किंवा काचेखाली. कापडाने पुसून गेला नाही तर खाली आहे. जागा बदलणारा ठिपका: पराग, नाहीतर मुंगी. चकाकत्या पानावर पांढरी पट्टी: दिव्याचे प्रतिबिंब. पान थोडे तिरके करा किंवा टोक दुसरीकडे वळवा. फुलाभोवती धुके: पाणी. ताज्या फुलातून ओल निघते आणि थंड काचेवर धरते. ओले फूल काचेवर पाच मिनिटांहून जास्त ठेवू नये, दोन स्कॅनच्या मध्ये उचलून काच पुसावी.

कोणते फूल किती टिकते? चिकाचे काय?

अबोली सर्वांत सोशिक. सकाळी घेतलेला वळेसर (गजरा) संध्याकाळीही कामाचा असतो, आणि तिच्या पाकळ्या चपट्या असल्याने सीआयएसवरही छान येते. सुरंगीच्या कळ्या उमलण्याआधी घ्या. फेब्रुवारी ते एप्रिलच्या हंगामात बाजारात गजरे येतात, त्यांतले अर्धे उमललेले फूल स्कॅनला उत्तम, कारण पिवळ्या केसरांचा गोंडा पूर्ण फुलला की गळायला लागतो. प्राजक्त पहाटे वेचून तासा-दोन तासांत संपवावा. उन्हे चढली की पांढऱ्या पाकळ्या कडेने पारदर्शक होतात. चाफ्याला बोट लागले की तपकिरी डाग उठतो, म्हणून त्याला फक्त देठाने धरा.

तोडलेले फूल लगेच पाण्यात. काचेवर ठेवण्याआधी देठाच्या टोकाला ओला कापूस आणि त्यावर प्लास्टिकचा तुकडा घट्ट बांधा, थेंब गळता कामा नये.

चाफा, रुई, फणस यांचा चीक काचेवर वाळला की खरवडावा लागतो. देठ कापून टोक खाली करून दहा मिनिटे निथळू द्या, मग मेणबत्तीचे मेण लावून तोंड बंद करा. चुकून चीक लागलाच तर खोबरेल तेलाने सुटतो, तेल नंतर अल्कोहोलने पुसायचे. भिरंडाचा (कोकमाचा) रस आणि बोंडूचा (काजूफळाचा) रस साध्या पाण्याने लगेच पुसले तर जातात. ओली काजूबी मात्र कापून ठेवू नका. तिच्या टरफलातले तेल कातडी भाजते, आणि अशा हातांनी काचही हाताळू नये.

माटोळीच्या वस्तू स्कॅन करता येतील?

यासारखा विषय नाही. चवथीला गणपतीच्या वर टांगलेल्या लाकडी चौकटीला, म्हणजे माटोळीला, जे बांधले जाते त्याचे रंग आणि आकार काळ्या पार्श्वभूमीवर विलक्षण उठून दिसतात: लालबुंद कवंडाळे, आंबाड्यांचे घोस, घागऱ्यांच्या शेंगा, कळलावीची पिवळी-लाल फुले, शेरवडाची पांढरी पाने, सुपारीचे शिपटे. विसर्जनानंतर यांतले बरेच अजून धड असते, पूजेत हात न घालता तेव्हा घेता येते.

सुपारीचे शिपटे मोठे असते, त्याची एकच डहाळी घ्या. कवंडाळ गोल आणि चकचकीत, त्यात दिव्याची पांढरी रेघ पडणारच. ती एका बाजूला जाईल असे फिरवा किंवा फळ आडवे कापून बियांची बाजू टिपून घेतलेली काचेवर ठेवा, खाली ओएचपी शीट हवीच. कळलावीची पाकळी वळलेली आणि नागमोडी कडेची असते. ती हिरावर टांगा, एकच पाकळी काचेला टेकू द्या आणि उरलेल्या अंधारात जाऊ द्या. कळलावी सबंध विषारी आहे, विशेषतः कंद. हाताळल्यावर हात धुवा, मुले जवळ असतील तर जास्तच जपा.

प्रत्येक वस्तू सुटी, ६०० डीपीआयवर, एकाच एक्स्पोजरने स्कॅन करून ठेवली तर दर वर्षीचा संग्रह एकमेकांशी जुळतो. फाइलच्या नावात गावात चालणारे नाव, गाव आणि तारीख लिहा. एकाच झाडाला पेडण्यात एक नाव आणि काणकोणात दुसरे असे असते, दोन्ही नोंदवा.

शिंपले कुठले घ्यावेत?

स्वयंपाकघरातले. तिसऱ्या, खुबे, शिनाणे, कालवे खाल्ल्यावर उरणारी कवचे पुरेशी आहेत. उकळून, आतले सगळे काढून, ब्रशने घासून सावलीत वाळवा. वासासाठी व्हिनेगरमध्ये घालू नका, आम्लात शिंपला विरघळतो आणि पृष्ठभाग निस्तेज होतो. ओला असताना दिसणारा रंग वाळल्यावर उडतो. तो परत हवा असेल तर खोबरेल तेलाचा थेंब बोटाने चोळून मऊ कापडाने पूर्ण टिपून घ्या. शिनाण्याची गडद बाहेरची बाजू आणि आतली मोतिया बाजू शेजारी शेजारी ठेवून बघाच.

जुन्या घरांच्या खिडक्यांना काचेऐवजी चपटे अर्धपारदर्शक शिंपले बसवलेले असतात. घर दुरुस्तीत निघालेले फुटके तुकडे मिळाले तर सोडू नका. ते इतके पातळ आणि सपाट असतात की कोणत्याही स्कॅनरवर स्पष्ट येतात. फिल्म स्कॅन करायचे झाकण असेल तर वरून प्रकाश देऊन त्यांतली वाढीची वलये दिसतात.

पिंपळपानाची जाळी घरी कशी करावी?

पक्के, पण न पिवळलेले पान साध्या पाण्यात तीन ते चार आठवडे बुडवून ठेवा. आठवड्याला पाणी बदला, वास येतो, म्हणून भांडे बाहेर ठेवा. गर सुटू लागला की पान ताटात पाण्याखाली धरून मऊ टूथब्रशने मधल्या शिरेकडून कडेकडे हलके टापा. घासले तर फाटते. धुऊन टिपकागदांमध्ये दाबून वाळवा. काळ्या पार्श्वभूमीवर १२०० डीपीआय.

कुठून काय उचलू नये?

अभयारण्यांतून काहीही नाही. म्हादई, नेत्रावळी, कोटिगाव, बोंडला, भगवान महावीर, चोडणचे पक्षी अभयारण्य, कुठेही पान-फूलसुद्धा तोडून आणायचे नाही. प्रवाळ, समुद्रपंखा, समुद्रघोडा यांना १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण आहे, किनाऱ्यावर पडलेले सापडले तरी घरी आणू नका. पावसाळ्यात सड्यांवर फुलणारी सीतेची आसवे आणि दवबिंदू ही रोपे इतकी नाजूक आणि ठरावीक जागीच येणारी आहेत की ती तिथेच पाहावीत. काचेवर त्यांचे चांगले चित्र येतही नाही.

कीटक मेलेले सापडले तरच. फुले आणल्यावर पंधरा मिनिटे सावलीत झटकून ठेवा, मुंग्या निघून जातात. जिवंत कीटक काचेखाली-झाकणाखाली अडकवणे क्रूर आहे आणि चित्रातही नुसत्या रंगीत रेघाच येतात.

पावसाळ्यात स्कॅनर कसा सांभाळावा?

जून ते सप्टेंबर हा फुलांचा सर्वांत चांगला काळ आणि यंत्राचा सर्वांत वाईट. स्कॅनर घट्ट झाकणाच्या प्लास्टिकच्या डब्यात, अर्धा किलो सिलिका जेलसोबत ठेवा. रंग बदलणारे जेल घ्या, रंग पालटला की मंद आचेवर कढईत परतून पुन्हा वापरता येते. साधा हायग्रोमीटर डब्यात टाका, आर्द्रता ५० टक्क्यांच्या आसपास राहिली पाहिजे. आठवड्यातून एकदा यंत्र चालू करून रिकामे दोन स्कॅन घ्या. चिऱ्याच्या भिंतीला टेकून ठेवू नका, भिंतीला ओल येते. एसीच्या खोलीतून थेट दमट खोलीत नेले तर काचेवर आतून दव धरते, तासभर तसेच बंद राहू द्या.

वीज गेली तर अर्धवट फाइल वाया जाते, पण त्याहून वाईट म्हणजे गाडा मध्येच अडकतो. छोटा यूपीएस असावा.

संगणकावर किती सुधारावे?

१०० टक्के मोठे करून चित्र पट्ट्यापट्ट्याने तपासा आणि धूळ क्लोन किंवा हील साधनाने काढा. गिंप या मोफत चित्रसंपादन सॉफ्टवेअरमध्ये दोन्ही आहेत. एका ए४ चित्राला एक-दोन तास लागतात, ते धरूनच चाला. पार्श्वभूमी काळी करायला फूल कापून काढू नका. कर्व्हमध्ये काळा बिंदू थोडा सरकवा, म्हणजे विरत जाणाऱ्या कडा टिकतात. धार शेवटी, छापायच्या मापाला आणल्यावर, आणि थोडीच.

छापून भिंतीवर लावायचे आहे. काही काळजी?

रंगद्रव्याची शाई आणि आम्लमुक्त सुती कागद घ्या. मॅट कागदावर काळा रंग जरा फिका पडतो. गडद चित्रे असतील तर छापण्याआधी एक छोटी पट्टी छापून सावल्यांतला तपशील पाहा, पडद्यावर दिसणारा पुष्कळदा कागदावर बुडतो. फ्रेममध्ये चित्र काचेला चिकटू नये म्हणून माउंट हवेच. फ्रेमच्या मागे खालच्या दोन कोपऱ्यांना बुचाचे तुकडे लावा, म्हणजे भिंत आणि फ्रेम यांच्यामध्ये हवा खेळते. पश्चिमेकडच्या, पाऊस झोडपणाऱ्या भिंतीवर मात्र चित्र लावू नये. जूनच्या आधी उतरवून ठेवले तर ऑक्टोबरमध्ये जसेच्या तसे मिळते.